टीव्हीच्या धपाट्याचा मान

एका जंगलात एक टीव्ही होता. एकच. हसू नका रे, तुमच्या घरात आता माणशी एकेक पडदा आहे म्हणून तुम्हाला हसू येतं. त्या जंगलात सगळ्यांत मिळून एक होता आणि तो वडाच्या पारावर मांडलेला होता. जुना, पाठीमागे हे एवढं ढेरपोट असलेला.

वीज कुठून आली म्हणून विचारू नका. रानाच्या कडेनं तारा गेल्या होत्या आणि वाघोबा महाराजांनी त्यांवर आकडा टाकला होता. आपण टाकला तर चोरी. महाराजांनी टाकला तर ती योजना.

रोज संध्याकाळी अख्खं जंगल पारासमोर जमायचं. मालिका लागायची. सासू सुनेचा छळ करायची आणि हरणं मुसमुसून रडायची. बिबट्याही रडायचा, शेजारच्या हरणाच्या खांद्यावर डोकं टेकून. हरण बिचारं अंग चोरून बसायचं. तर एकूण बरं चाललं होतं.

टीव्हीच्या दुखण्यांवर त्या जंगलाचे आपले उपाय होते. पडद्यावर मुंग्या दिसल्या की वारुळावर मोर्चा जायचा. अँटेनावर घुबड बसलेलं असायचं, पण वर बघतो कोण? रंग गेले की सरड्याला पारावर बोलावून खडसवायचे. आवाज गेला की कोकिळेची चौकशी. चार-आठ दिवसांत घुबड उडून जायचं, वायर आपोआप हलायची, आणि सगळं ठीक झालं की म्हणायचे, बघा, दम दिल्याशिवाय कुणी ऐकत नाही.

एक दुखणं मात्र जुनं होतं. मालिका ऐन रंगात आली, सुनेनं दुधाचा पेला सासूपुढे धरला, की चित्र वरून आणि खालून दाबलं जायचं आणि पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरायची. आवाज चालू. चित्र गायब. सून बोलतेय, सासू बोलतेय, आणि दिसतेय काय तर रेघ.

"रेघ! रेघ!" टिटवी ओरडायची.

मग भिकोजी अस्वल उठायचे.

भिकोजींच्या आजोबांची एकदा पाठ खाजत होती. ते टीव्हीच्या कोपऱ्यावर पाठ घासायला गेले, तोल गेला, आणि खोक्याला अशी काही धडक बसली की रेघेचं पुन्हा चित्र झालं. त्या दिवसापासून टीव्हीला धपाटा देण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे आला. पिढीजात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही म्हणजे नाही. एका वानरानं एकदा लावला होता. चित्र आलंही. पण मानकऱ्याच्या हातचं नाही म्हणून ते चित्र कुणी मानलं नाही. पुन्हा रेघ येईपर्यंत सगळे डोळे मिटून बसले.

तर भिकोजी उठायचे. फेटा बांधायचे. हलगी वाजायला लागायची. भिकोजींना कुंकू, टीव्हीला कुंकू, मग नारळ. मग भिकोजी हातावर थुंकी टाकायचे, उजव्या अंगाला वरून चार बोटं खाली जागा बघायचे आणि धप्प! चित्र हजर. टाळ्या. भिकोजींना मधाचं पोळं आणि बसायला पुढची घोंगडी.

तोवर अर्धी मालिका संपलेली असायची. आवाज हलगीत बुडालेला, चित्र रेघेत गेलेलं. मधे काय घडलं ते मग टिटवी सांगायची, म्हणजे मनानं रचायची. आणि खरं सांगू? तिचं मालिकेपेक्षा बरं असायचं.

पण पोरांनो, मारूनमुटकून कुणी सुधारतं का? आमच्या मास्तरांना तसं वाटायचं, आणि माझ्याकडे बघा. हळूहळू एका धपाट्यानं भागेना. तीन लागायला लागले. मग पाच. मग सात. खोक्याला तडा गेला. भिकोजी उजव्या पंजानं काही उचलेनासे झाले.

अशात शहरातून चॅनेलवाले आले आणि वाघोबा महाराजांची मुलाखत घेऊन गेले. येत्या गुरुवारी दाखवणार म्हणाले. महाराजांना झोप लागेना.

"दिवाण," ते म्हणाले, "ऐन मुलाखतीत रेघ आली तर? लोकांना मी दिसायचा तो रेघ दिसेल."

दिवाण होती घोरपड. ती म्हणाली, "मेकॅनिक बघते, महाराज."

आता त्याच सुमाराला सगुणा नावाची एक सायाळ दोन लेकी पुढे घालून रानोमाळ हिंडत होती. पुढे का? अरे, सायाळ ती, पाठभर काटे! पोरं पाठुंगळी कशी घेणार? डोकं चालवा जरा. थोरली ठकी, धाकटी बनी. सगुणा रेडिओ, पंखे, टीव्ही दुरुस्त करायची. हात इतका चोख की तिनं दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडायची नाही. तीच तर रड होती. वस्तू बिघडत नाही म्हणजे त्या रानात पुन्हा काम नाही, आणि काम नाही तर राहू कोण देणार? मग उचला पिशवी आणि चला पुढच्या रानात.

थंडी तोंडावर आली होती. बनी अंगठ्याएवढी होती आणि सारखी खोकत होती. सगुणाला नाव नको होतं, मान नको होता. एक बीळ हवं होतं. उद्या निघा असं कुणी म्हणणार नाही असं.

घोरपड म्हणाली, "टीव्ही नीट करून दे. अर्जुनाच्या झाडाखालचं बीळ तुझं. कायमचं."

"लिहून द्याल?"

"माझा शब्द आहे."

घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही म्हणतात. ते खुर्चीबद्दल खरं आहे. शब्दाबद्दल कुणीच काही म्हटलेलं नाही.

सगुणा दुपारी पारावर आली. आधी तिनं टीव्हीला हातच लावला नाही. नुसतं विचारत बसली.

"रेघ आडवी की उभी?"

"आडवी."

"आवाज राहतो?"

"राहतो."

"लावल्या लावल्या येते की तापल्यावर?"

घोरपडीनं इकडेतिकडे पाहिलं. तीन पिढ्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"तापल्यावर," एक ससा लाजत म्हणाला. त्याला ठाऊक होतं, पण त्याला कोण विचारणार?

"म्हणजे वीज ठीक, आवाज ठीक, चित्राची नळी ठीक," सगुणा म्हणाली. "चित्र वर-खाली ताणून धरणारा एक भाग असतो. तिथे काहीतरी सुटलंय."

तिनं प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. आत तीन पिढ्यांची कोळिष्टकं, चार वाळक्या पाली आणि नारळाच्या शेंड्या. ठकी नाक खुपसायला आली तशी सगुणानं तिला मागे ओढलं.

"थांब गं! प्लग काढला तरी याच्या पोटात करंट दडून बसलेला असतो. आधी तो उतरवायचा, मग डोकावायचं."

करंट उतरवून तिनं आतली धूळ झाडली. मग लांब सरकून टीव्ही पुन्हा लावला आणि तापू दिला. रेघ आली. तेव्हा सगुणानं स्वतःच्या पाठीवरचा एक लांब काटा उपटला. काट्यातून वीज जात नाही, बरं का. त्या काट्याच्या टोकानं ती आतल्या एकेका तुकड्याला हळूच टोचत गेली. इथे टक. काही नाही. तिथे टक. काही नाही. एका ठिकाणी टक केलं आणि रेघ थरथरून उघडली, मिटली.

"हं. घोडं इथे पेंड खातंय," सगुणा म्हणाली.

प्लग काढला, करंट उतरवला, भिंग लावलं. सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, एक टाका सुटला होता. भोवती केसाएवढी चीर.

"धपाटा बसला की हे दोन तुकडे घटकाभर टेकतात," तिनं ठकीला दाखवलं. "आणि धपाट्यागणिक चीर वाढते."

"म्हणजे मारून बरं व्हायचं आणि मारूनच बिघडायचं?" ठकी म्हणाली.

"हो बाई."

सोल्डर तापवलं, एक थेंब सोडला, फुंकर मारली. झालं. पाच मिनिटं. बनी या सगळ्यात पिशवीवर झोपलेली होती.

"एवढंच?" घोरपडीचं तोंड उतरलं. तिला वाटलं होतं, निदान पंधरा दिवस तरी लागतील.

गुरुवार उजाडला. पारासमोर पाय ठेवायला जागा नाही. महाराज पुढे लोडाला टेकून. भिकोजी फेटा बांधून, मांडीवर नारळ घेऊन तयार. मुलाखत सुरू झाली. पडद्यावर महाराज दिसले. काय ऐट, काय मिशा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटं झाली. रेघ आली नाही. वीस झाली. भिकोजींनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

पोरांनो, महाराजांची काळजी सगळी चेहऱ्याची होती. आपण बोललो काय, ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आजवर त्या जंगलात दहा मिनिटांच्या पुढे सलग कुणी कुणाचं ऐकलंच नव्हतं ना!

"पाणवठ्याच्या योजनेचं काय झालं?" पडद्यावर चॅनेलवाल्या बाईनं विचारलं.

"कुठला पाणवठा?" पडद्यावरचे महाराज म्हणाले.

पारासमोर चुळबुळ झाली.

"हरणांची संख्या कमी होतेय, त्याबद्दल काय वाटतं?"

"हरणं चवीला... म्हणजे स्वभावाला फार गोड," महाराज म्हणाले, आणि जांभई दिली. तोंडात तीनच दात उरलेत ते सगळ्या जंगलाला दिसलं. चित्र इतकं स्वच्छ की मोजता आले.

हरणांनी एकमेकांकडे पाहिलं. बिबट्यानं हरणाच्या खांद्यावरचं डोकं हळूच काढून घेतलं.

समोर बसलेल्या महाराजांना घाम फुटला. "भिकोजी! बघत काय बसलात? द्या एक!"

हलगी नाही, कुंकू नाही. भिकोजी धावले आणि दिला धपाटा. चित्र ढिम्म. दुसरा दिला. तिसरा दिला. सात दिले. पडद्यावरचे महाराज मजेत दात कोरत होते. आणि सगळ्या जंगलानं पाहिलं की मानकऱ्यानं मारूनही टीव्हीला काही म्हणता काही होत नाही.

भिकोजींनी फेटा काढला आणि घरी निघून गेले. मधाचं पोळं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. सगुणाला पुढे उभं केलं.

"हिनं टीव्ही बिघडवला," घोरपड म्हणाली.

"बिघडवला?" सगुणा किंचाळली. "अहो, चालतोय तो!"

"तेच म्हणतोय आम्ही. आमचा टीव्ही रेघ येणारा होता. तू भलताच करून ठेवलास."

"मालिका आता सलग दिसते," टिटवी रडवेली होऊन म्हणाली. "इतकी भिकार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं हो. आता मी सांगू काय लोकांना?"

महाराज तोंड मिटूनच बसले होते.

घोरपडीनं निकाल दिला. "होता तसा करून दे. नाहीतर बीळ विसर आणि दिवेलागणीच्या आत रान सोड."

सगुणाचे काटे ताठ झाले. "मी बिघाड काढते, घालत नाही. माझ्या बापानं ही हत्यारं टाके तोडायला दिली नाहीत मला."

"विचार कर," घोरपड म्हणाली. "यंदा थंडी लवकर पडलीय."

सगुणा अर्जुनाच्या झाडाखाली आली आणि पिशवी भरायला लागली. हत्यारं भराभर आत कोंबत होती. संतापानं म्हणा, थंडीनं म्हणा. बनी आत खोकत होती. तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. बिनफेट्याचे भिकोजी उभे होते.

"सगुणाबाई, रागावू नका."

"रागावू नको तर काय ओवाळू तुम्हाला?"

भिकोजींनी उजवा पंजा पुढे केला. सुजून भोपळा झाला होता. "आजोबांचा असाच होता. बाबांचाही. आम्ही कुणाला दाखवत नाही. खरं सांगतो, परवा तुम्ही झाकण उघडलंत ना, मला मनातून बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. पण बाई, फेटा उतरवला तर मला कुणी ओळखेना. आज सकाळी त्या सशानं मला म्हटलं, 'ए, बाजूला हो.' सशानं!"

"मग मी काय करू?"

"रेघ आणा." भिकोजी जमिनीकडे बघत म्हणाले. "पण जरा हलक्या हातानं जाईल अशी आणा. जमेल का हो?"

सगुणाला हसू फुटलं. हसता हसता रडूच कोसळलं. आतून बनीचा खोकला ऐकू येतच होता.

आणि मग तिनं ते केलं. नाकं मुरडू नका रे. तुम्हाला घर आहे.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली होती. बिघाडाला उरलेला अख्खा दिवस गेला. चोख काम करायची खोड जाते थोडीच? नुसता टाका तोडून ती उठली नाही. तिनं तो मोजून सैल केला, तापवून पाहिला, पुन्हा सैल केला, पत्र्याची एक बारीक पत्री लावली. रेघ बरोबर दहाव्या मिनिटाला यायला हवी. बोटानं टिचकी मारली तरी जायला हवी. पण भिकोजींशिवाय कुणी टिचकी मारायची नाही, ते तर होतंच. असा देखणा बिघाड त्या जंगलानं कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मालिका लागली. सुनेनं पेला पुढे केला.

"रेघ! रेघ!" टिटवी इतक्या आनंदानं ओरडली की तिचा आवाज बसला.

हलगी वाजली. कुंकू झालं, नारळ झाला. भिकोजींनी मोठा आव आणून हात उगारला आणि अलगद ठेवला. चित्र हजर! लोकांनी घोंगड्या उडवल्या. भिकोजी परत जाताना सगुणापाशी घुटमळले आणि हळूच म्हणाले, "देव तुमचं भलं करो, बाई." त्यांचे डोळे भरले होते. मधाचं अर्धं पोळं त्यांनी बनीला दिलं.

बीळ मिळालं. या वेळी लेखी मिळालं. शिवाय टीव्हीचा बिघाड सांभाळण्याचा मान सगुणाच्या घराण्याकडे आला. पिढीजात. टीव्हीनंतरचं कुंकू आता तिला. दर पावसाळ्यानंतर ती झाकण उघडायची, रेघ नीट येते ना ते पाहायची, आणि टाका आपोआप घट्ट झाला असेल तर सैल करून ठेवायची; बनीला मात्र आई धूळ झाडते एवढंच ठाऊक. महाराजांनी पुढे आणखी चार मुलाखती दिल्या. त्या सगळ्यांना फार आवडल्या.

वर्षं गेली. ठकी लग्न होऊन पलीकडच्या रानात गेली. बनी वाढली, अंगानं भरली, खोकला कुठल्या कुठे पळाला. आणि एका दुपारी ती धापा टाकत बिळात आली.

"आई! सापडलं! टीव्हीचं दुखणं सापडलं मला!"

सगुणा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कसं सापडलं?"

"आवाज राहतो, चित्र जातं, तेही तापल्यावरच. म्हणून आत बघितलं. आधी करंट उतरवला, मग माझ्या काट्यानं एकेक टोचत गेले. एक टाका सुटलाय गं! आणि कुणा येड्यानं तिथे पत्रीपण लावलीय. एक थेंब सोडला की काम झालं. सोडू?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगुणानं मुद्दाम शिकवलं नव्हतं. पोरीनं आपल्या डोक्यानं, आपल्या काट्यानं शोधून काढलं होतं. सगुणाचा ऊर भरून आला. आपल्या बापाचा हात हिच्या हातात उतरलाय असं तिला वाटलं. पोरीला जवळ घ्यावं, आणि सगळ्या रानाला ओरडून सांगावं की ही बघा, ही माझी.

मग तिनं बिळाकडे पाहिलं. कोरडी जमीन. कोपऱ्यात चार महिन्यांचं धान्य. भिंतीला लावलेला लेखी कागद.

तिनं पोरीला धपाटा द्यायला हात उचलला. पण सायाळीच्या पोरीला धपाटा देणार कुठे? हात खाली आला.

"झाकण लावून ये, बने."

"का? अगं, बिघाड आहे तो!"

"बिघाड नाही गं तो," सगुणा म्हणाली. "ते आपलं घर आहे."

बनीनं भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. मग पारावर गेली आणि झाकण लावून आली. चारही स्क्रू घट्ट.

त्या संध्याकाळी दहाव्या मिनिटाला रेघ आली, भिकोजींनी हात ठेवला, चित्र आलं, तेव्हा बनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाजवल्या.

तात्पर्य : पोरांनो, बिघाड शोधायला शिका, जरूर शिका. पण सापडला की हात घालण्याआधी दार वाजवून विचारा, आत कोण कोण राहतं.